मोहबोडी कोणी पुसली?

१

एक अख्खं तळं नकाशातून नाहीसं झालं होतं.

कामठी रोडवरून आत वळलं की मोहबोडी नावाची वस्ती लागते. आपल्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात आणि वस्तीला नाव पडलं ते तिथल्या बोडीवरूनच. ऑगस्टच्या शेवटी पावसाने दम घेतला नाही आणि वस्तीत कमरेएवढं पाणी शिरलं. पॉवरलूमच्या मोटारी बुडाल्या, तांदूळ भिजला, पोरांची दप्तरं वाहून गेली. दरवर्षी हे पाणी बोडीत जाऊन थांबायचं. यंदा बोडीच नव्हती. उन्हाळ्यात ती मुरूम टाकून बुजवली गेली होती आणि वर प्लॉट पाडले होते. लोकांनी तेव्हाच अर्ज केले होते. त्यांना नकाशा दाखवण्यात आला. उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या त्या नकाशावर बोडी नव्हतीच. तिथे 'पीक' असं लिहिलं होतं आणि खाली नाव होतं, प्रा. कृष्णकांत पांढरीपांडे.

ते नाव असल्यावर नियोजन कार्यालयातून कोणी जागेवर बघायला गेलं नाही.

पांढरीपांडे म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या एका कारकुनाचा मुलगा. स्थापत्य अभियंता झाला आणि डेहराडूनला जाऊन विमानातून काढलेले फोटो वाचायला शिकून आला. नागपुरात तेव्हा ही विद्या कोणाला ठाऊक नव्हती. दुष्काळात त्यांनी फोटोवर बोट ठेवलं तिथे विहिरींना पाणी लागलं. पुढे उपग्रहांची चित्रं येऊ लागली आणि त्यांनी कॉलेजात सुदूर संवेदनाचा विभाग उभा केला. एखादं चित्र कोणालाच उलगडत नसलं की म्हणायचे, सरांची नजर पडू द्या. आता ते निवृत्तीला आले होते.

पेपरात बातमी आली तशी कॉलेजने चौकशी लावली आणि ती गणिताच्या प्राध्यापिका भैरवी मोहरील यांच्याकडे दिली. कॉपी पकडण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. प्राचार्यांच्या केबिनमध्ये भैरवी शिरली तेव्हा पांढरीपांडे सर खाली मान घालून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. तिने नमस्कार केला तेव्हा मात्र चटकन मान वळवली.

"कोण, भैरवी? ये. बस."

बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघत होते. एवढा मोठा माणूस शरमेने नजर देत नाही, हे पाहून भैरवीला वाईट वाटलं.

"चौकशी कशाला?" सर म्हणाले. "नकाशावर नाव माझं आहे. जबाबदारी माझी. माझा राजीनामा घ्या आणि विषय संपवा."

प्राचार्यांचे डोळे भरून आले. "सर, दुसऱ्याचं पाप तुम्ही कशाला अंगावर घेता?"

कारण तोवर एक गोष्ट उघड झाली होती. विभागाच्या संगणकात नकाशाचा पहिला खर्डा सापडला होता आणि त्यात मोहबोडी जागच्या जागी होती, निळ्या रंगात. जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या शनिवारी दुपारी, कोणीतरी लॅबमध्ये बसून तो निळा तुकडा 'पीक' करून टाकला होता. ज्या नावाने लॉगिन झालं होतं ते नाव होतं रोशनी हेडाऊ.

रोशनी सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. आणि मोहबोडीवरचे प्लॉट विकणारा दलाल होता बाबनराव हेडाऊ, तिचा सख्खा काका.

२

"त्या शनिवारी मी लॅबमध्ये नव्हतीच, मॅडम," रोशनी म्हणाली. "मी मौद्याले होती. नकाशात जे दिसते ते जमिनीवर तसंच हाय का, ते पाहाले गेली होती. मैत्रिणीकडे मुक्काम केला."

सावळी, सडपातळ मुलगी. घरचे हातमाग आजोबांबरोबर गेले. वडील बुटीबोरीला कंपनीत. तिच्या घराण्यात कॉलेजात शिकवायची स्वप्नं पाहणारी ती पहिलीच.

"मग तुझ्या नावाने कोण बसलं?"

रोशनीने खुर्ची जरा मागे सरकवली.

"पासवर्ड कोणाला माहीत होता?"

"मी एकाच माणसाले दिला होता."

"कोणाला?"

रोशनीने टेबलावर बोट फिरवलं. मग भैरवीसमोरच्या कागदाकडे नजर गेली आणि तिला बोलायला दुसरं काही मिळाल्यासारखं झालं. "मॅडम, वर तारीख चुकली आहे. ऑक्टोबर पडलं."

भैरवीने कागद पाहिला. बारीक टाइपातली तारीख खरोखरच चुकली होती. मुलीने टेबलाच्या पलीकडून, उलट्या बाजूने ती वाचली होती.

"रोशनी, विषय बदलू नकोस. पासवर्ड कोणाला दिला होता?"

"ते मी नाही सांगणार."

"तुझी पीएच.डी. जाईल. कदाचित पोलिसात तक्रार होईल. कळतंय ना?"

"कळते, मॅडम."

"मग का?"

"मी काहून सांगू?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "ज्याचं आहे त्यानं सांगावं."

ती उठून गेली. भैरवीला वाटलं, झालं, काकालाच दिला असणार. त्याच संध्याकाळी तिने प्राचार्यांना कळवलं, रोशनी हेडाऊला तूर्त लॅबमध्ये येऊ देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीदाराने रोशनीला फाटकावर थांबवलं. पोरंपोरी बघत उभी होती. कोणीतरी मागून म्हणालं, "बोडी खाल्ली न वं!" आणि हशा पिकला.

३

बाबनराव हेडाऊ प्लॉटच्या ऑफिसात पंख्याखाली बसले होते. भिंतीवर देवाचा फोटो आणि लेआउटचे रंगीत नकाशे.

"मॅडम, म्या प्लॉट इकले. खोटं काहून बोलू?" ते म्हणाले. "पन मले त्या कॉम्प्युटरचं बटन बी लावता येत नाही. अन् पोरीनं मले पासवर्ड देला असता तं आज मायासंग बोलली असती का? पाणी भरलं त्या दिवसापासून तिनं बोलनं टाकलं. माया भाऊ म्हनते, दादा, तू आमच्या घरी येऊ नको. नियोजनाच्या हापिसात मले कागद दाखवला, त्यावर मोठ्या सरांचं नाव होतं. म्या म्हटलं, एवढा मोठा मानूस म्हनते तिथं पीक हाय, तं असंल पीक."

"तुम्ही स्वतः कधी तिथे गेला नव्हता?"

बाबनरावांची नजर टेबलावर गेली. "लहानपनी पोहलो हाव मॅडम, त्या बोडीत," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मान वर केली नाही.

हा माणूस लोभी होता, पण संगणकाला हात लावणारा नव्हता. भैरवी कॉलेजात परतली आणि विक्रम वैरागडेला बोलावलं. विक्रम त्याच विभागातला सहयोगी प्राध्यापक. सर गेले की विभागप्रमुख तोच होणार, हे सगळे धरून चालले होते. नकाशा नियोजन कार्यालयाला पाठवला होता त्यानेच.

"पाठवण्याआधी पाहिला होता?"

"सरांनी मंजूर केलेला नकाशा मी काय तपासणार, मॅडम?" विक्रम म्हणाला. "आणि त्या शनिवारी मी पुण्याला मुलाखतींच्या पॅनलवर होतो. पाहिजे तर विचारा. मॅडम, हे सरळ आहे. काका प्लॉट विकतो, पुतणी तळं पुसते."

"त्या दुपारी फक्त बोडीच बदलली गेली का?"

"नाही. आणखी बरेच तुकडे बदलले आहेत. मुद्दामच. एकच बदल नजरेत आला असता, म्हणून गर्दीत लपवला."

"ते बाकीचे बदल बरोबर आहेत की चूक?"

विक्रमने खांदे उडवले. "ते मी पाहिलं नाही."

"पाहा. माझ्यासमोर."

विक्रम लॅपटॉप उघडून बसला. आधी भराभर, मग सावकाश. चहा आला, निवला. त्याच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास हळूहळू उतरत गेला.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "हे विचित्र आहे. बाकीचे सगळे बदल बरोबर आहेत. हा कन्हानच्या काठचा पट्टा रोशनीने पडीक धरला होता, ती खरं तर वाळू आहे. इथली संत्र्याची बाग तिने जंगल म्हणून टाकली होती. आजूबाजूची जमीन, नदीचं वळण, उतार, हे सगळं डोक्यात असल्याशिवाय हे कोणी ओळखू शकत नाही." तो थांबला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मलाही ओळखता आलं नसतं."

त्या दुपारी लॅबमध्ये बसलेला माणूस चोर नव्हता. तो उस्ताद होता. आणि या उस्तादाने त्या सगळ्या अचूक कामात एकच चूक केली होती.

४

लॅबचा सहायक संजीव कुलूप लावत होता. भैरवीने त्याला थांबवलं.

"रोशनीच्या मशीनमध्ये कधी काही वेगळं दिसलं का?"

"वेगळं म्हणजे, तो बाण, मॅडम. माऊसचा. एवढा मोठा करून ठेवला होता!" संजीवने हाताचा पंजा दाखवला. "अन् स्क्रीनवरचं सगळं फुगवलेलं. मले वाटलं, पोट्टे मस्करी करून राहिले. मी लहान करून देला. दुसऱ्या दिवशी पाहतो तं पुन्हा मोठा. विचारलं तं रोशनी म्हणे, राहू द्या न भाऊ, मलेच लागते."

"तिला लागतो?"

"हाव. तिनंच सांगतलं."

उलट्या बाजूने बारीक तारीख वाचणाऱ्या मुलीला पंजाएवढा बाण कशाला हवा होता? भैरवी जिन्यात थांबली. मनात काहीतरी हललं, पण ते तिला बघायचं नव्हतं. सरांशीच बोलावं, असं तिने ठरवलं. असे बदल कोण करू शकेल, हे ते एका वाक्यात सांगतील.

सर केबिनमध्ये एकटेच बसले होते. तिने दारातून आवाज दिल्यावर त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि थर्मासमधला चहा स्वतः ओतून दिला. ओतताना कपाच्या कडेवर त्यांनी एक बोट टेकवलं होतं. चहा बोटाला लागला तसे ते थांबले.

"सर, मला एकदा नीट समजावून सांगा. बोडी म्हणजे पाणी. पाणी पिकासारखं कसं दिसेल?"

"जलकुंभीमुळे." सरांना शिकवायला मिळालं की ते खुलायचे. "बोडी जलकुंभीने, म्हणजे जलपर्णीने, भरून जाते. या चित्रांत जिवंत हिरवं जे असतं ते लाल दिसतं. मग पीकही लाल आणि झाकलेली बोडीही लाल. फरक एकच. बोडीला पाळ असते, मातीचा बांध. चित्रात ती एक बारीक काळी रेघ दिसते, केसासारखी. ती दिसली की पीक नाही, पाणी. चित्र आणलंस का? दाखवतो."

भैरवीने फाइलमधून कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. सरांनी तो दोन्ही हातांनी सरळ केला, मान किंचित तिरकी केली आणि मधोमध बोट ठेवलं.

"हे बघ. हा लाल भाग. आणि इथून ही अशी पाळ जाते, वळून खाली. दिसली?"

भैरवीने कागदाकडे पाहिलं. गडबडीत तिने फाइलमधून भलताच कागद काढला होता. तो सत्र परीक्षेच्या पर्यवेक्षणाचा तक्ता होता. काळ्या-पांढऱ्या चौकटी आणि प्राध्यापकांची नावं.

"दिसली ना?" सरांनी पुन्हा विचारलं.

"दिसली, सर," ती म्हणाली.

तिने तो कागद हळूच ओढून घेतला, घडी केली आणि बाहेर आली. व्हरांड्यात पोरांची गर्दी होती. तिला तिथून पळून जावंसं वाटलं. कोणाचं अंग उघडं पडलेलं चुकून पाहावं, तशी तिची मान खाली गेली होती.

५

सर धंतोलीत राहत. दुसऱ्या दिवशी सकाळी भैरवी गेली तेव्हा ते अंघोळीला गेले होते. दार सरांच्या पत्नीने, सुमतीताईंनी उघडलं. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, करारी बाई. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. एका खुर्चीशेजारी जाडजूड प्रबंधांची चळत आणि त्यावर बायकी चष्मा.

भैरवीने तो चष्मा पाहिला. सुमतीताईंनी तिला पाहताना पाहिलं.

"तुला कळलं," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

"कधीपासून?"

"दोन-अडीच वर्षं झाली. आधी सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या. मग मधे डाग आला. डॉक्टर म्हणाले, हा वाढणार, थांबवता येईल तेवढा थांबवू." त्या चळतीकडे बघत राहिल्या. "हे प्रबंध मी वाचून दाखवते. तुमचं इंग्रजी, त्यातली आकडेमोड, मला अर्धं कळत नाही. मी वाचते, ते चूक सांगतात, मी समासात लिहिते. बाहेर सगळे म्हणतात, सर अजून किती बारकाईने वाचतात."

"कोणाला सांगितलं का नाही?"

"मी म्हटलं त्यांना. एकदा नाही, किती वेळा. ते म्हणाले, सुमती, मला लोकांनी डोळ्यांसाठी ओळखलं. आंधळा पांढरीपांडे म्हणून मी कॉलेजच्या पायऱ्या चढणार नाही. निवृत्तीपर्यंत निभावून नेऊ." त्यांनी पदराने ओठ टिपले. "निभावलं आम्ही. स्कूटर विकली, गुडघ्याचं नाव सांगितलं. फळ्यावर लिहिणं सोडलं, तर पोरं म्हणाली, वा, सर सगळं तोंडपाठ सांगतात. मीही त्यात होते, भैरवी. त्या मुलीला फाटकावर अडवलं ते मी पेपरात वाचलं, मोठ्याने, त्यांना वाचून दाखवताना. ती ओळ आली आणि मी ती गाळली. पहिल्यांदाच गाळली."

"मला माहीत होतं तू काहीतरी गाळलंस," मागून आवाज आला.

सर दारात उभे होते. ओले केस, हातात टॉवेल.

६

"बस भैरवी," ते म्हणाले. "तू काय जोडत आणलंस ते सांग. मला ऐकू दे."

भैरवीने सांगितलं. गणिताचा ताळा मांडावा तसं, पण आवाज सारखा अडखळत होता.

"चोराने एकच तुकडा बदलला असता, सर. इथे पुष्कळ बदलले आणि बाकीचे सगळे अचूक होते. म्हणजे तो जाणकार होता आणि प्रामाणिकपणे दुरुस्ती करत होता. विक्रम पुण्यात होता, आणि त्याला ते जमलं नसतं, तो स्वतःच म्हणतो. मग अशी नजर उरली एकच. पण त्या नजरेने बोडी कशी चुकवली? वाळू, बाग, जंगल हे आजूबाजूच्या खुणांवरून ओळखता येतं. बोडी ओळखायला मात्र पाळेची ती बारीक रेघ नेमकी दिसावी लागते. म्हणजे त्या माणसाला भोवतालचं दिसत होतं आणि मधलं दिसत नव्हतं. रोशनीच्या मशीनवरचा मोठा बाण रोशनीला नको होता. तो तिने दुसऱ्या कोणासाठी ठेवला होता. आणि पासवर्ड तिने एकालाच दिला होता."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"जिथे बघतो तेवढंच दिसत नाही," सर म्हणाले. "बाजूचं सगळं दिसतं. तुझ्या तोंडाकडे बघितलं की तुझं तोंड जातं. म्हणून मी भिंतीकडे बघतो, म्हणजे तू थोडीशी दिसतेस." ते खुर्ची चाचपून बसले. "शनिवारी लॅब रिकामी असायची. मी पोरीचं काम तपासत होतो. तिच्या चुका सापडत गेल्या. मी खूष होत गेलो. वाटलं, अजून आपण आहोत. मग ही बोडी आली. तिने पाणी लिहिलं होतं. मला नुसतं लाल दिसलं. पाळ शोधायला गेलो की पाळ डागाखाली जायची. तेव्हा एक फोन करायचा होता, रोशनी, तू कशावरून पाणी लिहिलंस? एवढंच. पण मग तिने विचारलं असतं, सर, पाळ दिसत नाही का? मी तिला चूक ठरवलं."

"आणि ऑगस्टमध्ये?"

"बातमी ऐकली तेव्हाच कळलं. मी राजीनामा द्यायला गेलो ना."

"जबाबदारी घ्यायला गेलात, सर. केलं कोणी ते सांगायला नाही."

तिचे शब्द तिलाच लागले. सरांनी मान हलवली.

"चूक झाली म्हणायला मला कमीपणा नव्हता वाटत, भैरवी. चूक का झाली, ते सांगावं लागलं असतं. रोज वाटायचं, उद्या सांगू. त्या पोरीला थांबवलंत, तेव्हाही वाटलं, उद्या."

"तिला थांबवायला मी सांगितलं," भैरवी म्हणाली. "तिचं आडनाव ऐकलं आणि माझं गणित तिथेच सुटलं होतं."

सुमतीताई आत गेल्या आणि सरांची बाहेर जायची चप्पल घेऊन आल्या. ती त्यांच्या पायाशी ठेवून म्हणाल्या, "आज सांगा. उद्या नाही."

७

त्या दुपारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये सरांनी सगळं सांगितलं. विक्रम होता, संजीव होता, रोशनीला मुद्दाम बोलावलं होतं. सर उभं राहून बोलले. डोळ्यांबद्दल सांगताना आवाज बसला, तेव्हा थांबून पाणी प्यायले आणि पुन्हा बोलले. विक्रम खिडकीबाहेर बघत राहिला. प्राचार्य म्हणाले, "सर, आम्हाला सांगितलं असतं तर…"

"रोशनी कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"इथंच आहो, सर."

ते आवाजाकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"डोळ्याचं माहीत होतं. पहिल्या वर्षीच लक्षात आलं. म्हणून तं बाण मोठा करून ठेवला, पासवर्ड देला. मोहबोडी तुम्ही बदलली, हे पाणी भरल्यावर समजलं. दुसरं कोण बसणार माह्या मशीनवर?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगान म्हणून वाट पाहून राहिली होती." रोशनीचे डोळे कोरडे होते. "मले वाटे, सर आज सांगतीन. फाटकावर अडवलं त्या दिवशी तं नक्कीच वाटलं. तुमची ऑटो बाजूनंच आत गेली, सर. माह्या नावानं वॉचमन ओरडून राहिला होता, तुम्हाले ऐकू आलं असंल."

"आलं होतं," सर म्हणाले.

सरांनी हात जोडले. रोशनीने ते जोडलेले हात पाहिले आणि एक पाऊल मागे घेतलं.

"माफी मले नका मागू, सर. माह्या घरात पाणी नव्हतं आलं. मी कोरड्यात झोपली होती."

पुढचं सगळं सावकाश झालं. भैरवीने अहवाल दिला आणि त्यात स्वतःच्या शिफारशीबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला. कॉलेजने रोशनीची जाहीर माफी मागितली. सरांचा राजीनामा या वेळी कोणाच्याही डोळ्यांत पाणी न येता मंजूर झाला. रोशनीने दुसरे मार्गदर्शक घेतले. बाबनराव एक दिवस भावाच्या दारात जाऊन उभे राहिले, भावाने दार उघडलं की नाही ते कोणाला माहीत नाही. बोडीवरचा मुरूम काढायचा आदेश निघाला आणि दिवाळीनंतर एक जेसीबी येऊन उभी राहिली.

त्याच सुमारास रोशनीला सुमतीताईंचा फोन आला. सरांना मोहबोडीला जायचं होतं. रोशनी लगेच हो म्हणाली नाही. रविवारी मात्र ती धंतोलीत आली, आणि शेअर ऑटोत सरांच्या शेजारी बसली. भैरवी समोर बसली होती.

वस्तीत मारुतीच्या पारापाशी माणसं जमली. सरांनी सांगायचं ते सांगितलं. नकाशा मी बिघडवला. मला दिसत नव्हतं आणि मी ते लपवलं. कोणी ओरडलं नाही, कोणी अंगावर आलं नाही. तरणी पोरं उठून निघून गेली. त्याचंच सरांना जास्त लागलं असावं. मग अंजनाबाई नावाची एक म्हातारी पुढे आली.

"दिसत नव्हतं तं सांगाचं होतं न गा," ती म्हणाली. "दिसत नाही म्हून कोनी हासते का?"

"मला लाज वाटत होती, बाई."

अंजनाबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "चाल," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून घरात घेऊन गेली. आत अंधार होता. एका कोपऱ्यात फुगलेली पेटी पडली होती. खाटेशेजारच्या भिंतीपाशी तिने सरांना उभं केलं, त्यांचा पंजा उघडला आणि भिंतीवर, जवळजवळ त्यांच्या कमरेच्या उंचीवर, दाबून ठेवला.

"हे इथवर आलं होतं."

सरांनी हात काढला नाही. बोटांनी ते हळूहळू आडवे सरकत गेले, खाटेच्या टोकापासून चुलीपर्यंत. कुठे पोपडे निघाले होते, कुठे माती सुटून बोटांना लागत होती. भिंत अजून ओली होती.